गणिताची परीक्षा : मापाचा इतिहास



गणितासारख्या विषयावर बोलावयास एका कामगार कार्यकर्त्यास का बोलावले, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला होता. मी गणिती नाही. माझे शालेय शिक्षण अर्धवट राहिले आणि पुढे जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु एका गोष्टीशी माझा बरीच वर्षे निकट संबंध आला आहे. ती गोष्ट म्हणजे माप. माणसाने केलेल्या कामाचे माप कोणी घ्यावे, कशाने घ्यावे आणि त्या मापावर किती पैसा बांधावा, यांवरच आमचे बहुतेक तंटे होत असतात. तेव्हा मुलाच्या शिकण्याचे माप हा विषय माझ्या अगदीच आवाक्याबाहेरचा आहे, असे मला वाटत नाही.

सोलापुरात बिडी वळणाऱ्या बायकांना हजारी दराने मजुरी मिळते. हजार बिड्यांना अमुक रुपये. तयार माल कारखान्यात नेला की तेथे तो तपासला जातो आणि जी बिडी तपासणाऱ्याच्या पसंतीस उतरत नाही ती बाजूला पडते. तिला आमच्याकडे छाट म्हणतात. छाटीला दाम नाही. ती वळण्यास जो वेळ गेला, जी बोटे झिजली, त्यांचा हिशेब कोठेही धरला जात नाही. अशा पद्धतीत बाईचे सारे लक्ष तपासणाऱ्याच्या नजरेकडे लागते. तो ज्या खोडीसाठी बिडी टाकतो, ती खोड तेवढी टाळावयाची. ज्याकडे तो पाहत नाही, तिकडे तिनेही पाहावयाचे नाही. हा त्या बाईचा दोष नव्हे. मापावर भाकरी बांधली म्हणजे हात मापाप्रमाणे वळतात, हा उद्योगाचा जुना नियम आहे.

हाच नियम एका मोठ्या राष्ट्राने एकदा आपल्या शाळांना लावून पाहिला. ती हकीकत मी प्रथम सांगतो.

इंग्लंडमध्ये गोरगरिबांच्या शाळांची पाहणी करण्यासाठी १८५८ साली न्यूकॅसलच्या ड्यूकच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले गेले. त्याचा अहवाल १८६१ मध्ये आला. शाळांवर सरकारचा पैसा खर्च होतो, तथापि पुष्कळशा मुलांना साधे वाचन, लेखन आणि अंकगणितही नीट येत नाही, असा त्याचा एक निष्कर्ष होता. तक्रार अगदीच खोटी नव्हती. मात्र तिच्यावर उपाय म्हणून शिक्षणखात्याचे प्रमुख रॉबर्ट लो यांनी जी सुधारित नियमावली १८६२ साली अमलात आणली, ती एखाद्या गिरणीमालकास शोभावी अशी होती. शिक्षण स्वस्त तरी होईल, नाही तर कार्यक्षम तरी होईल, असा त्यांचा दावा होता. 'निकालाप्रमाणे दाम' या नावाने ही पद्धत इतिहासात ओळखली जाते.

तिची रचना अशी. सरासरी हजेरीवर शाळेला प्रत्येक मुलामागे ४ शिलिंग मिळत. सहा वर्षांवरील ज्या मुलाच्या हजेऱ्या दोनशेहून अधिक भरल्या असतील, त्याच्यामागे आणखी ८ शिलिंग मिळावयाचे. पण ते मिळण्यापूर्वी सरकारी तपासनीस येऊन त्या मुलाची वाचन, लेखन व गणित अशा तीन विषयांत परीक्षा घेणार. एका विषयात मूल नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. तीन विषयांचे मिळून आठ शिलिंग. तीनही विषयांत नापास झालेल्या मुलाचे दाम शून्य. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ते मूल छाट!

गणितात काय विचारावयाचे तेही इयत्तावार ठरवून दिलेले होते. पहिल्या इयत्तेत वीसपर्यंतचे अंक पाटीवर काढणे व ओळखणे आणि दहापर्यंतची बेरीज-वजाबाकी तोंडी करणे. तिसरीत लहान भागाकारापर्यंतचे साधे उदाहरण. चौथीत पैशांचे हिशेब, पाचवीत वजनामापांचे आणि सहावीत मालाच्या बिलाचा हिशेब. ही यादी वाचली म्हणजे ती करणाऱ्यास मजुराच्या मुलाने कोठपर्यंत जावे असे वाटत होते, हे सहज ध्यानात येते. दुकानातला कारकून होण्याइतके गणित पुरे. त्यापलीकडे जाण्यास दाम नाही, म्हणून वाटही नाही.

परिणाम काय झाला? पूर्वी सरकारकडून प्रशिक्षित शिक्षकाच्या हाती परस्पर जी वेतनाची भर पडत असे ती बंद झाली. सारे अनुदान शाळेच्या चालकांकडे जाऊ लागले आणि शिक्षकाचा पगार पुष्कळ ठिकाणी तपासनिसाच्या निकालावर ठरू लागला. मग शिक्षकाने काय करावे? ठरलेली उदाहरणे तो मुलांकडून घोटून घेऊ लागला. हुशार मुलाकडे लक्ष देऊन फायदा नव्हता, कारण ते आपोआप पास होणार. अगदी मंद मुलाकडेही लक्ष देण्यात फायदा नव्हता. मधल्या, काठावरच्या मुलावर मेहनत करावी, म्हणजे २ शिलिंग ८ पेन्स वाचतात. इतिहास, भूगोल, निसर्गाची ओळख हे विषय पहिल्या वर्षांत बाजूला पडले, कारण त्यांना दाम नव्हते. आजारी मुलाला परीक्षेच्या दिवशी उचलून शाळेत आणल्याच्या हकीकती त्या काळच्या लिखाणात सापडतात. सरकारला मात्र स्वस्ताईचे फळ मिळाले. थोड्याच वर्षांत अनुदानाचा आकडा खाली आला.

या पद्धतीवर कडाडून टीका करणारांत मॅथ्यू अर्नोल्ड हे नाव प्रथम घ्यावे लागेल. लोक त्यांना कवी म्हणून ओळखतात. पण पस्तीस वर्षे ते शाळातपासनीस होते, म्हणजे छाट काढण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविले त्यांपैकीच एक. त्यांनी १८६२ मध्येच आपल्या वरिष्ठांच्या धोरणाविरुद्ध लेख लिहिला. पुढेही आपल्या अहवालांतून ते सांगत राहिले की, या परीक्षेमुळे शाळेतले काम यांत्रिक झाले असून पास होण्याचा आकडा वाढला म्हणजे ज्ञान वाढले असे समजणे चुकीचे आहे. दुसरा विरोध शिक्षकांच्या संघटनेचा. इंग्लंडमधील प्राथमिक शिक्षकांचा राष्ट्रीय संघ १८७० मध्ये स्थापन झाला आणि 'निकालाप्रमाणे दाम' ही पद्धत मोडून काढणे हे त्याचे एक प्रमुख कार्य झाले. १८९० नंतर ती पद्धत टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आली आणि शतक संपण्यापूर्वी नाहीशी झाली. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ ती टिकली. प्राथमिक शाळांचे मुख्य तपासनीस राहिलेले एडमंड होम्स यांनी निवृत्तीनंतर १९११ साली एक पुस्तक लिहून या पद्धतीने शिक्षक आणि मूल या दोघांचेही स्वत्व कसे मारले ते मांडले. ज्याने आयुष्यभर माप घेतले, त्यानेच मापाविरुद्ध साक्ष द्यावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडेही निकालावर अनुदान देण्याची चाल मुंबई इलाख्यात आली होती. त्या आधीच्या आपल्या गावठी शाळांत गणिताची परीक्षा निराळीच असे. पंतोजीच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी ही सारी मुखोद्गत करावयाची आणि संध्याकाळी परवचा म्हणावयाचा. परवचा ही रोजची परीक्षाच होती. तिने स्मरणाचे माप उत्तम घेतले. पेठेतला हिशेब झटपट करण्यास ते स्मरण उपयोगी पडे, हेही खरे. परंतु त्या शाळेच्या ओसरीवर कोणास बसू देत होते आणि कोणास नाही, हे आपण जाणतोच. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी होती. आणि शेतकऱ्याच्या मुलास काय शिकवावे याच्या यादीत मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान होते. गणित कोणासाठी व कशासाठी, हा प्रश्न त्यांनी आधी सोडविला होता. परीक्षेचा विचार त्यानंतर यावयास हवा. बहुधा आपण उलटे करतो.

येथवर मी तळमजल्यावरच्या शाळांविषयी बोललो. आता त्याच इंग्लंडच्या वरच्या मजल्यावर काय चालले होते ते पाहू. केंब्रिज विद्यापीठाची गणिताची परीक्षा, जिला ट्रायपॉस म्हणतात, ही जगातील सर्वांत नामांकित परीक्षांपैकी एक. पूर्वी तेथे विद्यार्थ्यांची परीक्षा लॅटिनमध्ये वादविवाद करवून होत असे. 'रँग्लर' या शब्दाचा मूळ अर्थच वाद घालणारा. अठराव्या शतकाच्या ओघात ही तोंडी परीक्षा मागे पडून लेखी परीक्षा पुढे आली आणि १७४८ च्या सुमारापासून यशस्वी विद्यार्थ्यांची क्रमवार यादी प्रसिद्ध होऊ लागली. पहिला तो सीनियर रँग्लर, मग दुसरा, तिसरा, असा क्रम.

लेखी परीक्षेचा एक मोठा गुण मी येथेच सांगून ठेवतो, नाही तर माझ्यावर एकांगीपणाचा आरोप येईल. लेखी उत्तरपत्रिकेला चेहरा नसतो. तोंडी परीक्षेत परीक्षकाला मुलाचे कपडे दिसतात, बोली ऐकू येते, आडनाव कळते. कागदावरच्या उत्तरात यांपैकी काही दिसत नाही. केंब्रिजमध्ये स्त्रियांना पदवी मिळत नव्हती, ती १९४८ पर्यंत मिळाली नाही. तरीही १८९० साली फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीने सीनियर रँग्लरपेक्षा तेरा टक्के अधिक गुण मिळविले. तिचे नाव यादीच्या क्रमात घालता येईना, म्हणून ती 'सीनियर रँग्लरच्या वर' असे जाहीर करावे लागले. उत्तरपत्रिका नसती, तर हे त्या काळी कोणी मान्य केले असते काय? आणि दापोलीजवळच्या मुर्डी गावात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, तेही त्याच कागदाच्या बळावर. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर त्यांना तो विभागून मिळाला होता. परत येऊन ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि 'रँग्लर' ही पदवी मराठी घराघरांत पोहोचली. ज्यांच्या पाठीशी वशिला नाही त्यांना लेखी परीक्षा हा एक आधार आहे. तो काढून घ्या असे कोणी म्हणू लागला, तर मी प्रथम विचारीन की, त्याच्या जागी कोणाची मर्जी येणार आहे?

आता याच परीक्षेची दुसरी बाजू. १८५४ सालची ट्रायपॉस आठ दिवस चालली. १६ प्रश्नपत्रिका, साडेचव्वेचाळीस तास, २११ प्रश्न. इतके प्रश्न सोडवावयाचे म्हणजे विचार करीत बसण्यास फुरसत नाही. उत्तर हाताशी तयार हवे. ते तयार करून देणारे खासगी शिक्षक केंब्रिजमध्ये नावारूपास आले. आपल्या क्लासवाल्यांचे ते पूर्वजच म्हणावयाचे. त्यांतील सर्वांत यशस्वी एडवर्ड राउथ. त्यांच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. १८५४ च्या परीक्षेत हेच राउथ स्वतः पहिले आले होते. दुसरा कोण आला? जेम्स क्लार्क मॅक्सवेल! ज्याने पुढे विजेचे आणि चुंबकाचे नियम एका सूत्रात गोवले, तोच हा मॅक्सवेल. त्याआधी १८४५ साली विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, हेही दुसरेच आले होते.

राउथ हे लहान गणिती होते असा याचा अर्थ नाही. पण गंमत पुढे आहे. ट्रायपॉसनंतर काही दिवसांनी स्मिथ पारितोषिकाची आणखी एक परीक्षा होत असे. तिच्यातील प्रश्न कमी घोटलेले, अधिक विचार करावयास लावणारे असत. १८४५ मध्ये या परीक्षेत टॉमसन पहिले आले. १८५४ मध्ये राउथ आणि मॅक्सवेल बरोबरीने पहिले ठरले. त्या वर्षीच्या स्मिथ परीक्षेत प्राध्यापक स्टोक्स यांनी जो एक सिद्धान्त सिद्ध करावयास दिला होता, तो आज त्यांच्या नावाने प्रत्येक भौतिकीच्या विद्यार्थ्यास शिकविला जातो. माणसे तीच, महिनाही जवळपास तोच. माप बदलले आणि क्रम बदलला. मग खरा क्रम कोणता? वेगाचे माप हवे असेल तर पहिला, विचाराचे माप हवे असेल तर दुसरा. 'खरा' क्रम असा काही नसतोच, हे ज्या दिवशी केंब्रिजच्या लोकांना पटले, त्या दिवशी क्रमवार यादीचे दिवस भरले. शेवटची यादी १९०९ मध्ये लागली. ती बंद करण्यासाठी झटणारांत गॉडफ्रे हार्डी हे होते. ते स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर. १९२६ साली गणित शिक्षकांच्या सभेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी भाषण केले, त्याचा विषयच 'ट्रायपॉसविरुद्धचा दावा' असा होता.

याच हार्डींच्या टेबलावर १९१३ च्या आरंभी मद्रासहून एक पत्र येऊन पडले. लिहिणारा पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात महिना तीस रुपयांवर काम करणारा कारकून. त्याने कुंभकोणमच्या कॉलेजात शिष्यवृत्ती गमावली होती आणि पुढे मद्रासला कॉलेजच्या परीक्षेत तो नापास झाला होता, कारण गणिताखेरीज दुसऱ्या विषयांकडे त्याने पाहिलेच नाही. श्रीनिवास रामानुजन यांची ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे आणि 'परीक्षा निरर्थक आहेत' असे तिचे तात्पर्य काढले जाते. मी ते काढीत नाही. परीक्षेने जे विचारले, ते रामानुजन यांना येत नव्हते. त्यांना जे येत होते, ते कोणी विचारले नाही. हार्डींनीही परीक्षा घेतलीच. पत्रातील सूत्रे घेऊन ते आपले सहकारी लिटलवुड यांच्यासह रात्री उशिरापर्यंत बसले आणि या माणसाची योग्यता त्यांनी ठरविली. पुढे १९१६ मध्ये केंब्रिजने रामानुजन यांना संशोधनावर पदवी दिली. तीही परीक्षाच, फक्त काम पाहून केलेली.

आपल्याकडचेही एक उदाहरण याच जातीचे आहे. देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शिक्षक होते. ६१७४ या अंकाच्या गमतीमुळे आज त्यांचे नाव जगभर ठाऊक आहे. गणितात वरची पदवी त्यांनी घेतली नव्हती. पण फर्ग्युसन कॉलेजात विद्यार्थी असताना, १९२७ साली, स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल त्यांना एक पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाचे नाव रँग्लर परांजपे पारितोषिक! जगातल्या सर्वांत कठीण लेखी परीक्षेत पहिल्या आलेल्या गृहस्थाच्या नावे स्वतंत्र विचाराचे बक्षीस ठेवावे, यात मला मोठे शहाणपण दिसते.

पण रामानुजन आणि कापरेकर हे असामान्य लोक. सामान्य मुलाचे काय? त्यासाठी मी आपणास ब्राझीलमधील रेसिफे या शहराच्या बाजारात नेतो, कारण आमच्या बिडीच्या हिशेबाचे भावंड मला तेथे सापडले. तेथे नारळ आणि फळे विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांची पाहणी तेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि आनालुसिया श्लीमान यांनी केली. ती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. गिऱ्हाईक म्हणून हिशेब विचारला, तेव्हा मुलांची शंभरातील ९८ उत्तरे बरोबर आली. तेच हिशेब मागाहून शाब्दिक उदाहरणे म्हणून दिले, तेव्हा ७४; आणि नुसती आकडेमोड म्हणून कागदावर मांडून दिले, तेव्हा अवघी ३७. एका मुलाने पस्तीसच्या भावाने चार नारळांचे पैसे बाजारात बरोबर एकशेचाळीस सांगितले : तिघांचे एकशेपाच, त्यात तीस, वर पाच. त्याच मुलाने पस्तीस गुणिले चार हे उदाहरण कागदावर केले आणि उत्तर दोनशे लिहिले! हातचा दोन आधीच मिळवून मग त्याने गुणले होते. बाजारात दोनशे सांगितले असते, तर त्याचे त्यालाच हसू आले असते. कागदावर हसू येण्याची सोय नसते.

आपल्या देशातही अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेंहून अधिक मुलांची अशीच तपासणी केली. ती २०२५ मध्ये छापून आली. बाजारातले अवघड हिशेब ही मुले तोंडी करीत, पण शाळेच्या धर्तीच्या उदाहरणांत अडत. उलट, केवळ शाळेत जाणारी मुले कागदी उदाहरणांत त्यांच्या पुढे होती आणि बाजारी हिशेबात मागे. म्हणजे नुकसान दोन्हीकडे आहे. बाजारातले मूल 'ढ' ठरते आणि शाळेतले मूल हुशार ठरते. पण एकाचे ज्ञान दुसऱ्याकडे नेणारा पूल कोणी बांधीत नाही, कारण त्या पुलाचे माप कोणतीही परीक्षा घेत नाही.

मग लेखी परीक्षेच्या जोडीस दुसरे काही आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत काय? झाले. इंग्लंडमध्येच १९८२ साली कॉकक्रॉफ्ट समितीचा अहवाल आला. मोठी माणसे घरी आणि कामावर गणित कसे वापरतात याची चौकशी त्या समितीने केली होती. परीक्षा अशी असावी की मुलाला काय येत नाही यापेक्षा काय येते ते दाखविण्यास तिने वाव द्यावा, असे तत्त्व तिने मांडले. लो यांच्या नियमावलीनंतर हे तत्त्व लिहिले जाण्यास एकशेवीस वर्षे लागली. पुढे १९८८ पासून तेथील नव्या शालान्त परीक्षेत विद्यार्थ्याने सवडीने केलेल्या कामालाही गुण मिळू लागले. हेतू चांगला, पण त्या गुणांवर मुलाचे भवितव्य टांगले होते. घरून, बाहेरून मदत घेऊन कामे तयार होऊ लागली, अशी तक्रार वाढत गेली आणि २००७ पासून गणितातून तो भाग काढून टाकण्यात आला. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. महाराष्ट्रात आकारिक आणि संकलित असे त्याचे दोन भाग शिक्षकांनी शिकून घेतले. जेथे वर्गात मुले थोडी आणि शिक्षकास मोकळीक, तेथे त्याने चांगले काम केले. जेथे नोंदवही भरणे हेच काम झाले, तेथे मूल बाजूला राहून नोंदवहीच पास होऊ लागली.

यातून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. कोणतेही एक माप सर्व कामांस पुरत नाही. पाढे आले की नाही हे पाहावयाचे तर तोंडी विचारावे. त्यास तीन तासांची परीक्षा नको. शेकडो अनोळखी मुलांतून निवड करावयाची असेल, तेथे लेखी परीक्षाच न्यायाची. तेथे शिक्षकाच्या मर्जीवर विसंबू नये. गणिताचा व्यवहार कळला की नाही हे पाहावयाचे तर मुलाच्या हाती तराजू, फूटपट्टी, वीजबिल द्यावे. आणि विचार करता येतो की नाही हे पाहावयाचे तर एकच प्रश्न देऊन पुष्कळ वेळ द्यावा आणि उत्तराइतकेच, ते कसे काढले हेही ऐकावे. दुसरी गोष्ट, माप जितके शिकविण्याच्या उपयोगाचे ठेवावयाचे, तितके ते पैशापासून आणि शिक्षेपासून दूर ठेवावे. ज्या दिवशी शिक्षकाची भाकरी मुलाच्या गुणांवर बांधाल, त्या दिवशी १८६२ सालचा तपासनीस पुन्हा आपल्या शाळेच्या दारात उभा राहील, मग त्याच्या हाती पाटी असो की संगणक.

शेवटी एक अनुभव सांगून मी आपली रजा घेतो. युनियनच्या कचेरीत आम्ही रात्री बायकांसाठी हिशेबाचा वर्ग चालवीत होतो. मजुरीच्या पावतीतली चूक त्यांची त्यांना पकडता यावी, एवढाच हेतू. महिन्याअखेर मी हौसेने परीक्षा घेतली. फळ्यावर शाळेत शिकलो त्या रीतीने त्रैराशिक मांडले : हजारास दोनशे, तर आठशेदहास किती? हिशेबाच्या सोयीसाठी दर मी मनचाच धरला होता. घरी तेलुगू बोलणाऱ्या एक वयस्कर बाई वर्गाला येत, त्यांना मी मावशी म्हणत असे. त्यांनी पाटी कोरी ठेवली. "हे शाळेतलं गणित आहे दादा, मला येत नाही," म्हणाल्या. मी त्यांच्या नावापुढे शून्य लिहिले.

वर्ग सुटल्यावर शेजारणीशी त्यांचे बोलणे चालले होते ते माझ्या कानावर आले. शेजारणीने साडेआठशे बिड्या नेल्या होत्या, चाळीस छाट निघाली, दर तोच धरला तर किती यावेत? मावशी चालता चालता म्हणाल्या, "शंभराला वीस. आठशेचे एकशेसाठ, वरच्या दहाचे दोन. एकशेबासष्ट." फळ्यावर मी मांडलेले उदाहरण हेच होते! छाट वजा करण्याची एक पायरी उलट त्यांनी अधिक केली होती.

मी त्यांना परत बोलाविले. त्या जे बोलल्या ते त्यांच्याच क्रमाने फळ्यावर अंकांत लिहिले आणि म्हटले, "मावशी, हे तुमचे गणित. आता पाटीवर उतरवून घ्या." त्यांनी सावकाश उतरवून घेतले. पुढल्या आठवड्यात दुसरे उदाहरण त्यांनी आपल्या रीतीने आपल्या हाताने लिहिले. त्रैराशिकाची माझी मांडणी त्यांना पुढे महिन्याभराने आली, आणि आली तेव्हा ती त्यांना परकी वाटली नाही. त्या शून्याचे मात्र मला अजून वाईट वाटते. ते मावशींना मिळाले होते. वस्तुतः ते माझ्या परीक्षेचे होते.

आपल्या घरी मुले आहेत. उद्या गणिताची उत्तरपत्रिका हाती आली म्हणजे गुण पाहण्यापूर्वी एकदा मुलाला जवळ बसवून विचारा : हे तू कसे काढलेस? आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत ऐका.